सही जुळत नाही



मागच्या आठवड्यात आपल्या ग्रुपवर कुणीतरी हुजरात पागेचा जुना फोटो टाकला होता. खाली भराभर आठवणी आल्या. कुणाला तिथली शाळेची वाट आठवली, कुणाला आजोबांचा वाडा. मला आठवलं ते तिथून निघणारं एक छोटं गुजराती पत्र आणि त्याने सरकारविरुद्ध लढवलेला एक खटला. त्या खटल्याच्या मागोमाग माझी स्वतःची एक गोष्ट आठवते. दोन्हींचा एकमेकांशी कागदोपत्री काही संबंध नाही, पण माझ्या डोक्यात त्या कायमच्या एकत्र टाचलेल्या आहेत. ही गोष्ट मी आजवर घराबाहेर सांगितली नव्हती. आता पंचाहत्तरी जवळ आली, म्हटलं लिहून टाकू. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

आधीच सांगतो, मी वकील नाही. एम. एस. युनिव्हर्सिटीचा बी.कॉम., आणि पुढे सगळा जन्म बँकेत. घटनेची कलमं मी नीट वाचली ती रिटायर झाल्यावर. पण सही कुणाची, अधिकार किती, मंजुरी कधीची, हे तीन प्रश्न विचारण्यात माझं आयुष्य गेलं. आणीबाणी मला समजली ती याच तीन प्रश्नांमधून.

ज्यांचा जन्म नंतरचा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. १२ जून १९७५ ला अलाहाबाद हायकोर्टाने इंदिरा गांधींची निवडणूक रद्द ठरवली. त्याच दिवशी गुजरातमध्ये विधानसभेचे निकाल लागले आणि जनता मोर्चाचं सरकार आलं, बाबूभाई जशभाई पटेल मुख्यमंत्री झाले. २५ जूनच्या रात्री राष्ट्रपतींनी आणीबाणीच्या कागदावर सही केली. मंत्रिमंडळाची बैठक झाली ती दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला. आमच्या भाषेत सांगायचं तर आधी पेमेंट, मग मंजुरी. बँकेत एखाद्या मॅनेजरने असं केलं असतं तर ऑडिटरने त्याला उभा सोलला असता.

२७ जूनला आणखी एक आदेश निघाला. कलम १४, २१ आणि २२ मोडलं म्हणून कोर्टात जाण्याचा नागरिकाचा हक्क स्थगित. कलम २१ म्हणजे कायद्याने ठरवलेल्या रीतीशिवाय कुणाचा जीव किंवा स्वातंत्र्य घेता येणार नाही. कलम २२ म्हणजे अटक केली तर कारण सांगा, वकील गाठू द्या, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करा. स्थानबद्धतेला यातून सूट आधीपासूनच होती, पण तिथेही कारणं कळवावी लागत. मिसा कायद्यात दुरुस्ती करून तेही काढून टाकलं. स्थानबद्ध केलेल्या माणसाला कारण सांगायची गरज उरली नाही.

गुजरातमध्ये मोर्चाचं सरकार होतं, म्हणून इथे पहिले काही महिने जरा मोकळी हवा होती. दिल्ली-मुंबईकडची माणसं इथे येऊन सभा घेत. १२ ऑक्टोबर १९७५ ला अहमदाबादेत नागरी स्वातंत्र्याची परिषद भरली. तिथे न्यायमूर्ती छागला होते, सुप्रीम कोर्टाचे निवृत्त सरन्यायाधीश जे. सी. शहा होते आणि आपल्या सासवडचे, मुंबई हायकोर्टाचे माजी न्यायमूर्ती वि. म. तारकुंडे होते. सेन्सॉर मात्र केंद्राचा. ती भाषणं छापायची हिंमत कोण करणार?

हिंमत केली आपल्या बडोद्याच्या ‘भूमिपुत्र’ने. हुजरात पागेतून निघणारं सर्वोदयाचं पत्र. भूदान चळवळीच्या दिवसांत सुरू झालेलं, गांधीजींच्या महादेवभाईंचे चिरंजीव नारायण देसाई सुरुवातीच्या संपादकांपैकी. १९७५ मध्ये संपादक होते चुनीभाई वैद्य. ना जाहिराती, ना रंगीत फोटो. आमच्या घरी ते यायचं, कारण बाबांना त्याची ओढ होती. बाबा गायकवाडी नोकरीतले, मराठी वाचणारे, पण ‘भूमिपुत्र’ गुजरातीतून ओळ न् ओळ वाचत. “अरे, हे विनोबांचं पत्र आहे, आणि विनोबा बडोद्यात वाढलेले,” असं म्हणत.

इथे थोडं थांबायला हवं, कारण विनोबांचं नाव आलं की वाद होतो. विनोबांचे वडील नोकरीनिमित्त बडोद्यात होते, शिक्षण इथे झालं, आणि १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेला मुंबईला निघालेला हा मुलगा सुरतला उतरून काशीला गेला. आणीबाणीच्या वेळी ते पवनारला मौनात होते आणि ‘अनुशासन पर्व’ हे दोन शब्द त्यांच्या नावावर देशभर भिंतींवर रंगवले गेले. अनुशासन आचार्यांचं असतं, सत्तेचं असतं ते शासन, असा खुलासा त्यांनी पुढे केला. तो कुठल्या भिंतीवर रंगवलेला मी पाहिला नाही. १९७६ मध्ये गोहत्याबंदीसाठी उपोषणाचा त्यांचा विचार ‘मैत्री’ मासिकात छापला गेला, तर पोलिसांनी पवनारला जाऊन त्या अंकाच्या प्रती जप्त केल्या. ज्यांच्या शब्दांच्या पाट्या लागल्या होत्या त्यांचंही मासिक सुटलं नाही. बाबांना विनोबांचं पहिलं वाक्य पटलं नव्हतं. पण ‘भूमिपुत्र’ त्यांनी बंद केलं नाही.

तर ‘भूमिपुत्र’ने अहमदाबादच्या परिषदेचा वृत्तांत छापला. सेन्सॉरचा बडगा आला, छापखान्यावर जप्ती आली. चुनीभाई गुजरात हायकोर्टात गेले. आता तुम्ही म्हणाल, हक्कच स्थगित असताना कोर्टात जाऊन उपयोग काय? तिथेच तर गंमत आहे.

आमच्या शाखेत मॅनेजरला कर्ज मंजूर करायची एक मर्यादा ठरलेली असायची. समजा पंचवीस हजार. गिऱ्हाईकाला कर्ज मागायचा हक्क नाही, हे कबूल. पण म्हणून मॅनेजर तीस हजारांवर सही करू शकत नाही. त्याचा अधिकार कागदावर लिहिलेला आहे तेवढाच. ‘भूमिपुत्र’ खटल्यात न्यायमूर्ती जे. बी. मेहता आणि एस. एच. शेठ यांनी साधारण हेच सांगितलं. सेन्सॉरला नियमाने जेवढा अधिकार दिला आहे तेवढाच त्याला आहे. सरकारवर केलेली टीका म्हणजे देशाच्या सुरक्षेला धोका नव्हे. सेन्सॉरने काढलेल्या मार्गदर्शक सूचना नियमाच्या बाहेर गेल्या होत्या, म्हणून त्या रद्द. हे १९७६ साली, ऐन आणीबाणीत. मुंबई हायकोर्टातही त्याच साली मिनू मसानींच्या ‘फ्रीडम फर्स्ट’च्या खटल्यात न्यायमूर्ती मादन आणि कानिया यांनी सेन्सॉरला असंच जागेवर बसवलं.

पण हा निकाल आम्हाला पेपरात वाचायला मिळाला नाही. सेन्सॉरविरुद्धच्या निकालावरच सेन्सॉर! निकालाची पुस्तिका छापायला घेतली म्हणून गांधीजींच्या नवजीवन छापखान्यावरही कारवाई झाली. मे १९७६ मध्ये न्यायमूर्ती शेठ यांची संमती न घेता आंध्र प्रदेश हायकोर्टात बदली झाली. त्या वर्षी अशा सोळा न्यायाधीशांच्या बदल्या झाल्या. सगळे मुकाट गेले. शेठही रुजू झाले, पण आपल्याच हायकोर्टात त्या आदेशाविरुद्ध दावा दाखल करून. पूर्णपीठाने बदलीचा आदेश रद्द ठरवला, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, आणि १९७७ मध्ये नव्या सरकारने त्यांना गुजरातेत परत आणायचं कबूल केलं.

आता माझ्याकडे येतो.

१२ मार्च १९७६ ला बाबूभाईंचं सरकार पडलं आणि राष्ट्रपती राजवट आली. त्याच्या दोन-चार दिवस आधीच बडोद्यात डायनामाइट प्रकरणाच्या अटका सुरू झाल्या होत्या. ‘इंडियन एक्सप्रेस’चे किरीट भट्ट, ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे के. विक्रम राव, हे आपल्याच गावात बातम्या गोळा करत फिरणारे पत्रकार. जून महिन्यात जॉर्ज फर्नांडिस कलकत्त्याला पकडले गेले. एकूण पंचवीस आरोपी, दिल्लीत खटला, आणि देशभर नाव काय तर बडोदा डायनामाइट केस. डायनामाइटचं समर्थन मी तेव्हाही केलं नाही, आज तर नाहीच. पण १९७७ च्या मार्चमध्ये खटला मागे घेतला गेला आणि पुरावा कोर्टात पूर्ण तपासला गेलाच नाही. म्हणून त्यावर मी मत देत नाही.

त्या अटकांनंतर गावात जी भीती पसरली ती मात्र मी स्वतः पाहिली. ओट्यावरच्या गप्पा बंद झाल्या. लोक सुरसागरच्या पाळीवरसुद्धा हळू आवाजात बोलत. मी चोवीस वर्षांचा, नोकरी नुकतीच कायम झालेली, घरात लग्नाचं बोलणं चाललेलं. एका सकाळी बाबा देवपूजेत असताना मी त्यांच्या कपाटातला ‘भूमिपुत्र’चा गठ्ठा काढला आणि बंबात घातला. बाबा आंघोळीला गेले, बाहेर आले, म्हणाले, “आज पाणी फार कढत आहे.” एवढंच. पुन्हा त्या गठ्ठ्याचा विषय त्यांनी मरेपर्यंत काढला नाही.

त्याच उन्हाळ्यात आमच्या शाखेतल्या एका खातेदाराला रात्री मिसाखाली उचललं. शाळामास्तर, मराठी, आमच्या गणेशोत्सवात दरवर्षी वर्गणीचा हिशेब लिहिणारे. नाव लिहीत नाही, त्यांची मुलं-नातवंडं आहेत. आठवडाभराने त्यांची पत्नी बँकेत आली. मी सेव्हिंग्जच्या काउंटरवर. खातं मास्तरांच्या एकट्याच्या नावावर. पैसे काढायचा फॉर्म त्यांनी स्वतःच भरून आणला होता. मला ओळखून म्हणाल्या, “अरे, तू इथे आहेस होय? बरं झालं.”

मी त्यांना लहानपणापासून काकू म्हणत आलो होतो. त्या दिवशी म्हणालो, “बाई, खातं तुमच्या नावावर नाही. खातेदाराची सही लागेल.”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग फॉर्म घेऊन गेल्या.

नियम बरोबर होता. पण नियमाच्या पुढचा भागही मला ठाऊक होता. मास्तरांनी अधिकारपत्र लिहून दिलं आणि तुरुंगाच्या अधिकाऱ्याने त्यावर आपल्यासमोर सही झाल्याचा शेरा व शिक्का दिला, तर पैसे देता येत होते. हे सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं. मी सांगितलं नाही. मागे रांग होती हे खरं. पण खरं कारण असं की मिसाच्या माणसाच्या घरच्यांशी मी बोलत उभा आहे, हे कुणी पाहू नये असं मला वाटत होतं.

पंधरा दिवसांनी त्या परत आल्या. तुरुंगात भेट मिळाली तेव्हा सही घेऊन आल्या होत्या. मी नमुना सहीचं कार्ड काढलं, दोन्ही सह्या शेजारी धरल्या. मास्तरांची सही आमच्या शाखेत प्रसिद्ध होती, मोत्यासारखी. फॉर्मवरची सही वाकडी, घाईत केलेली. मी म्हणालो, “सही जुळत नाही.” याही वेळी नियम बरोबरच होता.

तेव्हा मागून आमचे हेडक्लार्क उठले. गुजराती गृहस्थ, दोन वर्षांत रिटायर होणारे, कुठल्या चळवळीत नाहीत की कशात नाहीत. त्यांनी काकूंना आत बोलावून खुर्ची दिली, पाणी दिलं, अधिकारपत्राचा मजकूर स्वतःच्या अक्षरात लिहून दिला आणि कुठे कुणाचा शिक्का घ्यायचा ते समजावलं. चार-पाच दिवसांत पैसे मिळाले. मला ते काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

त्याच दिवसांत, २८ एप्रिल १९७६ ला, सुप्रीम कोर्टाचा तो निकाल आला होता. एडीएम जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ल. देशातल्या नऊ हायकोर्टांनी म्हटलं होतं, की आणीबाणी असली तरी अटकेचा आदेश कायद्याप्रमाणे आहे का, एवढं आम्ही तपासू शकतो. म्हणजे सही कुणाची आणि अधिकार किती, एवढंच बघू. सुप्रीम कोर्टाने चार विरुद्ध एक असं म्हटलं, की नाही, तेही विचारता येणार नाही. सुनावणीत न्यायमूर्ती खन्नांनी सरकारच्या ॲटर्नी जनरलना विचारलं होतं, की एखाद्या पोलिसाने वैरापोटी कुणाचा जीव घेतला तरी कोर्टात दाद नाही का? आणीबाणी आहे तोवर नाही, असं उत्तर मिळालं.

हे मी सविस्तर वाचलं ते फार उशिरा, आणि वाचताना मला माझं काउंटर दिसलं. मास्तरांच्या खात्यातून शंभर रुपये काढायचे तर मी दोन सह्या शेजारी धरून बघत होतो. आणि मास्तरांना घरातून उचलून नेलं त्या कागदावरची सही बघायचा अधिकार देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने कुणालाच ठेवला नव्हता.

त्या चौघांत आपल्या पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड होते आणि गुजरातचे भगवती होते. दोघेही पुढे सरन्यायाधीश झाले. विरोधात लिहिणारे एकटे हंसराज खन्ना. जानेवारी १९७७ मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून दुसऱ्यांना सरन्यायाधीश केलं, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला. भगवतींनी २०११ मध्ये आपली चूक झाली असं जाहीरपणे कबूल केलं. आणि २४ ऑगस्ट २०१७ ला खाजगीपणाच्या हक्काच्या खटल्यात नऊ न्यायाधीशांनी तो जुना निकाल पुसून टाकला. त्या निकालपत्रात वडिलांच्या निकालाला गंभीर चूक म्हणणारे होते धनंजय चंद्रचूड. आपल्याकडे वडिलांची चूक चारचौघांत काढत नाहीत. इथे काढावी लागली, आणि ती काढली गेली याचं मला बरं वाटतं.

शहा आयोगाच्या अहवालाप्रमाणे मिसाखाली ३४,९८८ माणसं स्थानबद्ध झाली. आमचे मास्तर त्यांतले एक. अहवाल लिहिणारे न्यायमूर्ती शहा म्हणजे अहमदाबादच्या परिषदेतले, ज्यांच्या परिषदेचा वृत्तांत छापून ‘भूमिपुत्र’ अडचणीत आलं तेच.

नंतर दुरुस्त्या झाल्या. १९७८ ची ४४ वी घटनादुरुस्ती मला विशेष आवडते, कारण ती अगदी बँकेच्या सर्क्युलरसारखी आहे. मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी मिळाल्याशिवाय राष्ट्रपतींनी आणीबाणी जाहीर करायची नाही. म्हणजे आधी मंजुरी, मग सही. ‘अंतर्गत अशांतता’ हे मोघम कारण काढून ‘सशस्त्र बंड’ घातलं. आणि कलम २० व २१ साठी कोर्टात जाण्याचा हक्क आणीबाणीतही बंद करता येणार नाही. पण म्हणून सगळं आलबेल आहे असं नाही. खटल्याशिवाय स्थानबद्ध करायची तरतूद घटनेच्या कलम २२ मध्येच आहे. राष्ट्रीय सुरक्षा कायदा १९८० चा, गुजरातचा पासा कायदा १९८५ चा. दोन्ही आजही वापरले जातात.

एक शेवटची गोष्ट, तीही बडोद्याचीच. हक्क मोडला तर थेट सुप्रीम कोर्टात जाता येतं ते कलम ३२ मुळे. डॉ. आंबेडकरांनी त्याला घटनेचा आत्मा म्हटलं होतं. हेच आंबेडकर १९१७ मध्ये सयाजीरावांच्या नोकरीत रुजू व्हायला बडोद्यात आले. कोलंबियात शिकलेला अधिकारी, पण कचेरीतले शिपाई त्यांच्या टेबलावर फायली लांबून टाकत. पारशी धर्मशाळेतून त्यांना बाहेर काढलं, गावात कुणी खोली दिली नाही. महाराजांनी त्यांच्या शिक्षणाला पैसे दिले होते, नोकरीही दिली होती. हुकूम वरून चांगला निघाला होता. तो टेबलापाशी येऊन अडला. आणि टेबलामागे कोण होतं? आपल्यासारखीच नोकरदार माणसं. कदाचित आपल्यापैकी कुणाचे पणजोबाही.

मार्च १९७७ मध्ये आणीबाणी उठली. मास्तर सुटून आले, महिनाभराने बँकेत आले. वाळले होते, उजवा हात किंचित थरथरत होता. पासबुक भरून घेतलं आणि म्हणाले, “नवी सही नोंदवून घे. जुनी आता जमत नाही.” मी कार्ड पुढे केलं. त्यांनी तीन वेळा सही केली. माझ्या तोंडून कसंबसं निघालं, “मास्तर, तेव्हा काकूंना मी...”

ते म्हणाले, “तुझा नियम बरोबर होता रे. फक्त पुढचं सांगायला हवं होतंस.”

त्यानंतरच्या नोकरीत काउंटरवरून कुणाला “होणार नाही” म्हणायची वेळ आली, तर काय केल्याने होईल तेही सांगितल्याशिवाय मी माणूस परत पाठवला नाही. फार मोठं काही नाही हे. काकूंच्या घरी जाऊन माफी मागायची ती राहिलीच. त्या २००३ मध्ये गेल्या.

नातवंडांना मी कलम २२ पाठ करायला लावलं आहे. अटक झाली तर कारण विचारायचं, वकील मागायचा, चोवीस तास मोजायचे. ती हसतात. हसू देत.

मंडळी, मला ‘भूमिपुत्र’चे १९७५-७६ चे अंक हवे आहेत. कुणाच्या माळ्यावर, ट्रंकेत असतील तर कळवा, मी स्वतः येऊन घेऊन जाईन आणि झेरॉक्स काढून परत करीन. बाबांच्या कपाटात तेवढी जागा अजून रिकामी आहे. त्या दिवसांतलं तुमच्या घरचं काही असेल तर तेही खाली लिहा, भीतीचं असलं तरी लिहा.

चूकभूल द्यावी घ्यावी.